जुना कीवर्ड, नवा डाव: डिजिटल पत्त्यांच्या खेळात जुने नियम पुन्हा कसे वापरावेत

आमच्या खेळात पहिले तीन आठवडे रात्र होतच नव्हती.

इंदूरच्या सराफ्यावर आम्ही तिघं एक डिजिटल पत्त्यांचा खेळ तयार करतो आहोत. मी, माझा मावसभाऊ आणि चित्रं काढणारी वहिनी. सराफा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: दिवसा तिथे सोन्याचांदीच्या पेढ्या असतात, आणि रात्री त्यांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि थंडीत गराडू (तळलेला कंद) मिळतात. गल्ली एकच, बाजार दोन. त्यामुळे दोन बाजू असलेली पानं करायची हे पहिल्याच दिवशी ठरलं. दिवसा पान 'सराफ' असेल आणि नाणी देईल, रात्री उलटून 'खोमचा' (खाऊचा ठेला) होईल आणि हल्ला करेल. यासाठी लागणारा नियम तयारच होता. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या २०२१ च्या मिडनाइट हंट संचात दिवस-रात्र आहे. ज्याचा टर्न आहे त्याने त्या टर्नमध्ये एकही मंत्र, म्हणजे किंमत देऊन खेळायचं पान, टाकला नाही, तर पुढच्या टर्नला रात्र होते. रात्र असताना कुणी आपल्या टर्नमध्ये दोन किंवा जास्त मंत्र टाकले, की पुन्हा दिवस. आम्ही तो जसाच्या तसा उचलला आणि तिथेच फसलो. पुढचा सगळा लेख त्या फसण्यातून शिकलेल्या पद्धतीवर आहे.

आधी शब्दाचा अर्थ

पत्त्यावर छापलेला एक शब्द, आणि त्यामागे उभा असलेला पूर्ण नियम, याला कीवर्ड म्हणतात. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. 'हुकूम' हा कीवर्डच आहे. मेंढीकोटात मेंढ्या, म्हणजे दहाची पानं, धरायच्या असतात. पाच-तीन-दोनात ठरलेले हात करायचे असतात. तीनशेचारात गुण मोजायचे असतात, गुलामाचे ३०, नव्वीचे २०. तिन्ही खेळांचं ध्येय वेगळं, तरी हुकूम म्हटलं की त्याचं लहानसं पानही दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारतं हे कुणाला समजवावं लागत नाही. हुकूम ठरवायची रीत मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी. पाच-तीन-दोनात पाच हात करणारा पहिली पाच पानं बघून तो बोलतो. मेंढीकोटाच्या 'कट'मध्ये ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. 'बंद'मध्ये एक पान उपडं ठेवलेलं असतं.

म्हणजे गाभा शाबूत राहिला आणि फक्त दार बदललं. जुना कीवर्ड आपल्या खेळात आणताना हीच शिस्त पाळायची, असं माझं ठाम मत आहे. गाभाच बदलावा लागत असेल, तर तो कीवर्ड सोडून द्यावा किंवा त्याला नवं नाव द्यावं.

पहिली पायरी: कुंडली मांडा

आवडलेला कीवर्ड घ्या आणि कागदावर पाच ओळी लिहा. कधी चालतो, कुठून चालतो, किंमत काय, होतं काय, आणि थांबतो कशाने. सहावी ओळ सर्वांत महत्त्वाची: मूळ खेळात तो कुठल्या दुखण्यावरचं औषध होता?

उदाहरण म्हणून 'सायकलिंग' घ्या. १९९८ च्या उर्झाज् सागा संचात तो आला. हातातून चालतो, थोडा माना (पानांची किंमत चुकवायचं खेळातलं चलन) द्यायचा, ते पान टाकून द्यायचं, नवं ओढायचं. दुखणं असं की काही पानं ठरावीक प्रसंगीच कामाची असतात आणि एरवी हातात सडतात. सायकलिंगमुळे अशी पानं डेकमध्ये, म्हणजे आपल्या गठ्ठ्यात, घ्यायची भीती गेली. म्हणून तो पुन्हा पुन्हा परत आला: २००२, २०१७, २०२०.

हेच दुखणं 'हार्थस्टोन' या डिजिटल पत्त्यांच्या खेळालाही होतं. तिथे २०२१ मध्ये 'ट्रेडेबल' आला. एक माना द्या, पान डेकमध्ये परत जाईल, नवं पान मिळेल. दोन्ही कुंडल्या शेजारी ठेवल्या तर एकच ओळ वेगळी दिसते. मॅजिकमध्ये पान टाकलेल्या पानांच्या ढिगात जातं, हार्थस्टोनमध्ये डेकमध्ये. कारण उघड आहे. मॅजिकमध्ये तो ढीग म्हणजे दुसरी तिजोरी असते, तिथून पानं परत काढणारे कितीतरी नियम आहेत. हार्थस्टोनमध्ये असा ढीग पटावर नाहीच. म्हणून पान डेकमध्ये गेलं, आणि 'आत्ता नको, पुढे लागेल' हा एक गोड अर्थ त्याला आपोआप मिळाला. जुना कीवर्ड नव्या घरात कसा नांदवावा याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. खेळ बनवणाऱ्या प्रत्येकाने या दोन नियमांवर एक संध्याकाळ घालवावी.

दुसरी पायरी: तो कशावर उभा आहे ते शोधा

प्रत्येक कीवर्ड मूळ खेळातल्या दुसऱ्या कुठल्यातरी नियमाच्या खांद्यावर उभा असतो. तो खांदा तुमच्या खेळात आहे का?

मॅजिकमधला 'मेनस' बघा. हा कीवर्ड असलेल्या प्राण्याला (लढणाऱ्या पानाला) अडवायचं तर दोन किंवा जास्त प्राणी लागतात. पण अडवायचं की नाही आणि कुणी, हे मॅजिकमध्ये बचाव करणारा ठरवतो. हार्थस्टोनमध्ये हल्ला करणारा लक्ष्य निवडतो, त्यामुळे मेनसला तिथे अर्थच उरत नाही. त्या खेळाची गरज उलटी होती: 'आधी माझ्याशी लढा' म्हणणारा 'टॉन्ट'.

आमची रात्र इथेच अडली होती. मॅजिकमध्ये 'इन्स्टंट' असतात, समोरच्याच्या टर्नमध्ये टाकता येणारे मंत्र. २०२१ च्या नियमात फक्त ज्याचा टर्न त्याचेच मंत्र मोजतात, म्हणून तुम्ही आपला टर्न रिकामा सोडून रात्र आणू शकता आणि राखलेला माना समोरच्याच्या टर्नमध्ये वापरू शकता. गप्प बसणं हा तिथे डावपेच असतो. आमच्या खेळात समोरच्याच्या टर्नमध्ये काहीच टाकता येत नाही. गप्प बसणं म्हणजे अख्खा टर्न पाण्यात. मग कोण बसेल? रात्र झालीच तर पहिल्या टर्नला, एक नाण्याचं पान हातात नसल्यामुळे, म्हणजे कुणाच्याही मनात नसताना.

मूळ खेळानेही हा नियम एकदा सुधारला होता. २०११ च्या इनिस्ट्राड संचात प्रत्येक लांडगा-माणूस स्वतःपुरता उलटायचा. एक रात्रीत, दुसरा दिवसात, अशी पानं एकाच पटावर असायची. दहा वर्षांनी त्यांनी सगळ्यांना एकच घड्याळ दिलं. जुना कीवर्ड घेताना त्याच्या सर्व आवृत्त्या वाचा. प्रत्येक बदल कुठल्यातरी तक्रारीचं उत्तर असतो, आणि ते उत्तर तुम्हाला आयतं मिळतं.

तिसरी पायरी: एकच ओळ बदला आणि खेळून बघा

एका वेळी कुंडलीतली एकच ओळ बदलायची. दोन बदलल्या तर बिघाड कुठला आणि दुरुस्ती कुठली हे कळत नाही.

आम्ही 'कधी' ही ओळ बदलली. दोन नाणी शिल्लक ठेवून टर्न संपवला की रात्र. सुरुवातीला छान चाललं, पण आमच्याकडे दर टर्नला एक नाणं वाढतं, त्यामुळे आठव्या-नवव्या टर्नला दोन नाणी कुणाचीही सहज उरायची आणि मग उजाडेचना.

गणपतीत घरी सगळे जमले होते तेव्हा आजी आमच्या मागे बसून बघत होती. तिला टॅबलेटवरचा खेळ अर्धाच कळला, पण मेंढीकोटात तिचा हात कुणी धरत नाही. ती म्हणाली, "अरे, रात्र हवी ना तुला? मग बंद हुकमासारखं एक पान उपडं ठेव. फुकट कशाला रात्र मिळावी?"

त्या रात्री आमचा नियम झाला. 'शटर' असलेलं पान पटावर असेल तर आपल्या टर्नमध्ये हातातलं एक पान उपडं ठेवता येतं. पुढच्या टर्नपासून रात्र. कुणी एका टर्नमध्ये दोन पानं खेळलं की पहाट, आणि उपडं पान मालकाच्या हातात परत. आता तपासा. मूळ गाभा काय होता? 'स्वतःच्या दिवसाचं काहीतरी गमावल्याशिवाय रात्र येत नाही, आणि घाई करणारा ती मोडतो.' तो जसाच्या तसा आहे. अख्ख्या टर्नऐवजी एक पान, तेही काही काळापुरतं, एवढंच बदललं. पहाटेच्या अर्ध्या नियमाला तर आम्ही हातही लावला नाही.

बदलाची दुसरी एक तऱ्हा म्हणजे कापणं. हार्थस्टोनचा 'चार्ज' सुरुवातीपासून, म्हणजे २०१४ पासून, त्रास देत होता. पटावर आल्याबरोबर हल्ला, तोही थेट समोरच्या हीरोवर (खुद्द खेळाडूवर), म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला टर्नच नाही. २०१५ मध्ये इतर पानांना चार्ज देणाऱ्या वॉरसाँग कमांडरचा नियमच बदलावा लागला. मग २०१८ मध्ये 'रश' आला. आल्याबरोबर हल्ला करता येतो, पण त्या टर्नला फक्त समोरच्या पानांवर. आल्याबरोबर काहीतरी करण्याचा आनंद राहिला, समोरच्याला हताश करणारा भाग गेला. एखादा जुना कीवर्ड आवडतो पण त्याची भीती वाटते, अशी स्थिती असेल तर आधी काय कापता येईल ते बघा. भर घालणं नंतर.

चौथी पायरी: नाव

याबाबत मी फार आग्रही आहे. खेळाडू आपल्या डोक्यात जुने अर्थ घेऊन येतो. 'स्क्राय' मॅजिकमध्ये २००४ ला आला. डेकची वरची पानं बघा, नको ती तळाशी ठेवा. 'स्ले द स्पायर'मध्येही 'स्क्राय' आहे, पण तिथे नको असलेली पानं टाकलेल्या पानांच्या ढिगात जातात आणि डेक संपला की तो ढीग पिसून परत येतो. तो खेळ एकट्याने खेळायचा, फेऱ्या भराभर होतात, त्यामुळे ते खपून जातं. समोरासमोरच्या खेळात असा फरक म्हणजे हरलेला डाव आणि चिडलेला माणूस.

म्हणून नियम असा: गाभा आणि परिणाम दोन्ही तेच असतील तर जुनं नाव, परिणाम बदलला तर नवं नाव. आम्ही 'दिवस-रात्र' हे नाव ठेवलं, कारण घड्याळ तेच आहे. ते आणायची रीत नवी, म्हणून तिला 'शटर'.

मराठीत खेळ करणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे, आणि तिच्यावर मला कुठे काही वाचायला मिळालं नाही. आपला शब्द वाक्यात गेला की रूप बदलतो. 'हुकूम' असतो, पण 'हुकमाला', 'हुकमाचं'. 'रात्र' होते, पण 'रात्री' उलटते. पानावरच्या मजकुरात कीवर्ड शोधून तो ठळक करायचा, बोट ठेवलं की अर्थाची चौकट उघडायची, हे काम सरळ अक्षरं जुळवून केलं तर 'हुकमाला' सापडतच नाही. दोन उपाय आहेत. एक, कीवर्ड नेहमी ओळीच्या सुरुवातीला एकटा ठेवा आणि पुढे विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब द्या: 'शटर: हातातलं एक पान उपडं ठेवा.' दुसरा, मजकूर साठवताना शब्दाऐवजी खूण साठवा आणि तिच्याबरोबर कुठलं रूप दाखवायचं ते लिहा. आम्ही दोन्ही केलं. सोप्या पानांवर पहिला उपाय, लांब वाक्यांत दुसरा.

अक्षरं मोजतानाही सावध राहा. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर दिसतं, संगणकाला सहा खुणा. मजकूर चौकटीत मावतो की नाही हे खुणा मोजून ठरवू नका, चित्र काढून रुंदी मोजा. जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट बसवणारं इंजिनही (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) हवं. आम्ही गोडो ४ घेतलं, कारण त्याच्या आधीच्या पिढीत देवनागरीची जुळणी धड होत नव्हती.

पाचवी पायरी: कोडमध्ये उतरवा

कीवर्ड पानाच्या कोडमध्ये लिहू नका. तो एकदाच, वेगळा, माहिती म्हणून लिहा आणि पानांनी त्याचं नाव घ्यावं. कुंडलीच्या ओळी इथे थेट उपयोगी पडतात. आमच्या फाइलमध्ये शटर असं आहे:

कधी: आपल्या टर्नमध्ये, टर्नला एकदा
अट: दिवस आहे, हातात किमान एक पान आहे
किंमत: हातातलं एक पान उपडं
परिणाम: पुढच्या टर्नच्या सुरुवातीला रात्र
परतावा: पहाट होताच पान हातात, हात भरलेला असेल तर डेकच्या तळाशी

शेवटची ओळ आम्हाला पाचव्या दिवशी सुचली. हातात दहा पानांची मर्यादा आहे, आणि दहा असताना पहाट झाली की खेळ अडकून पडायचा. कागदावरच्या खेळात माणसं बोलून मार्ग काढतात, यंत्राला प्रत्येक कोपरा आधीच सांगून ठेवावा लागतो. प्रत्येक कीवर्डला हे प्रश्न विचारा: हात भरलेला असेल तर? डेक रिकामा असेल तर? पट भरलेला असेल तर? पानाची नक्कल झाली तर? दोन्ही खेळाडूंचा एकाच क्षणी लागू झाला तर? किंमत शून्य झाली तर?

त्या शेवटच्या प्रश्नाला इतिहास आहे. हार्थस्टोनचा 'इको' म्हणजे पान खेळलं की त्याच टर्नमध्ये ते पुन्हा खेळता येतं. किंमत कमी करणाऱ्या पानांबरोबर ते फुकट झालं की थांबणारच नाही. २०१९ मध्ये त्यांनी ठरवलं की इको असलेल्या पानाची किंमत एकच्या खाली जाणार नाही. एक ओळ, पण ती पहिल्या दिवशी लिहिलेली बरी. पुन्हा पुन्हा घडू शकणाऱ्या प्रत्येक कीवर्डला तळ किंवा कमाल मर्यादा द्या.

आणि उपडं पान फक्त सर्व्हरला माहीत असू द्या. समोरच्याच्या फोनवर 'एक पान उपडं आहे' इतकंच पाठवा, कुठलं ते पाठवू नका. पाठवून फक्त झाकलं, तर कुणीतरी ते उघडून बघणार.

सहावी पायरी: किती पानांवर द्यायचा

इथे अंदाज नको, गणित करा. आमचा डेक ३० पानांचा. पहिला खेळाडू ३ पानांनी सुरुवात करतो आणि दर टर्नला एक ओढतो, म्हणजे पाचव्या टर्नपर्यंत ८ पानं पाहतो. डेकमध्ये कीवर्डची २ पानं असतील तर तोवर किमान एक दिसण्याची शक्यता साधारण ४७ टक्के. ४ असतील तर ७३. ६ असतील तर ८७. ज्या कीवर्डवर अख्खा खेळ उभा करायचा, त्याची सहा पानं तरी डेकमध्ये येतील इतकी भिन्न पानं संचात हवीत. नुसती चव म्हणून असेल तर दोन-तीन पुरे.

पहिली पानं अगदी साधी करा, ज्यांवर कीवर्डशिवाय काही नाही. माणूस शब्द त्यांच्यावर शिकतो. गुंतागुंतीची पानं दुसऱ्या फळीत.

सातवी पायरी: दोन प्रकारच्या माणसांसमोर ठेवा

जुने खेळ खेळलेले आणि अजिबात न खेळलेले, दोन्ही हवेत. त्यांना काही समजावू नका. पान हातात द्या, मोठ्याने वाचायला लावा आणि 'आता काय होईल?' एवढंच विचारा. नवखा अडखळला तर शब्दरचना चुकली. जुना खेळाडू आत्मविश्वासाने चुकला तर नाव चुकलं. ही दुसरी चूक जास्त मोलाची, कारण असा माणूस प्रश्न विचारत नाही, थेट हरतो. राजेंद्रनगरच्या एका मित्राने पहिल्याच डावात टर्न रिकामा सोडला आणि रात्रीची वाट बघत बसला. तो मॅजिक खेळलेला होता. त्याच्यासाठी आम्ही घड्याळाच्या चित्राखाली एक ओळ घातली: 'शटरशिवाय रात्र नाही.'

मोठ्या संख्येने डाव झाले की एखादं पान खेळल्यावर जिंकण्याचं प्रमाण बघता येतं. पण महागडी पानं लांबलेल्या डावांतच खेळली जातात, स्वस्त पानं सगळ्यांत. त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवताना किंमत सारखी असलेलीच पानं ठेवा.

आठवी पायरी: मागचं आवरा

डिजिटल खेळाला एक सवलत आहे, जुन्या पानांवरचा मजकूर एका सकाळी सगळ्यांसाठी बदलता येतो. हार्थस्टोनने २०१७ मध्ये 'पॉयझनस' आणि 'लाइफस्टील' हे शब्द आणले तेव्हा तेच काम लांब वाक्यात करणाऱ्या जुन्या पानांनाही ते दिले. उलट, २०१८ मध्ये 'एनरेज' हा शब्द काढून साधं वाक्य छापलं. मॅजिकमध्ये डेकची पानं टाकायला लावणारी 'मिलस्टोन' १९९४ ची, पण 'मिल' हा अधिकृत शब्द झाला २०२० मध्ये. खेळाडू पंचवीस वर्षं तो म्हणतच होते.

तेव्हा संच बाहेर पडल्यावर लोक काय बोलतात ते ऐका. आमचे खेळाडू 'पान उपडं ठेवलं' म्हणत नाहीत, 'बंद केलं' म्हणतात, आजीसारखं. पुढच्या आवृत्तीत शटरच्या चौकटीत 'हातातलं एक पान बंद करा' असं छापणार आहोत. वहिनीने उपड्या पानाची पाठ नव्याने रंगवायला घेतली आहे, अर्ध्यावर उतरलेलं शटर आणि खालून येणारा पिवळा उजेड.